आगीचा कागद

हार्लो लँडिंग, ओहायो
रविवार, १४ सप्टेंबर १९५२

चि. ओंद्रेयला,
वेरोनाताईचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. डोरिसला चौथा महिना लागला हे वाचलं आणि हातातला कोबी तसाच टाकून मी चर्चमध्ये जाऊन मारियामातेपुढे मेणबत्ती लावून आले. मोठी नाही, पाच सेंटांचीच. माता लहानमोठी बघत नाही. डोरिसला म्हणावं, जड बादल्या उचलू नकोस आणि इंडियानाच्या शेजारणींचं ऐकून उपाशी तर मुळीच राहू नकोस.

टाय लावलेला तुझा फोटो कपाटावर ठेवलाय. तुझे दाजी बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, हा आपला ओंद्रेय का विमा विकायला आलेला माणूस? रागावू नकोस. दुसऱ्या दिवशी त्यांनीच कामावर चौघांना सांगितलं की माझा मेव्हणा आता कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात साहेब आहे.

इथली बातमी बरी नाही. युनियनचा करार महिनाअखेर संपतोय आणि संप होणार असंच सगळे धरून चाललेत. पगाराचं कोणी बोलतच नाही. सगळं अडलंय ते तिसऱ्या माणसावर. काचेच्या भट्टीवर दर पाळीला तीन माणसं. दोघांनी झळ सोसायची, तिसऱ्याने वीस मिनिटं बाकावर बसायचं, मग पाळीपाळीने बदलायचं. तू हेच करत मोठा झालास, तुला काय सांगायचं! पण नवे मॅनेजर हॅलोवे साहेब म्हणतात, आता भट्टीला उष्णता मोजणारा मीटर बसलाय, दोन माणसं पुरे. जुलैमध्ये आठवडाभर त्यांनी दोघांवर चालवूनही पाहिलं. पाचव्या दिवशी आपल्या शेजारच्या इग्नात्स ब्रोझमनचा धाकटा भाऊ पावोल भट्टीच्या तोंडाशी कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. साहेब फुलं घेऊन आले. इग्नात्सने ती घेतली, पाण्यात ठेवली आणि दार लावून घेतलं.

मला भीती वेगळीच आहे. मागच्या दोन्ही संपांत आधी आगीचा कागद झाला होता. कंपनीची सही, युनियनची सही, आणि सहा माणसं दंडाला पांढरी फीत बांधून आत जायची, भट्टी जिवंत ठेवायची. त्यांना कोणी फितूर म्हणत नसे. सेहेचाळीस साली तूही गेला होतास. या खेपेला साहेब सही करत नाहीत. भट्टी आमची, आम्ही बघून घेऊ म्हणतात. तुझे दाजी म्हणतात, आतली काच एकदा का गोठली की भट्टी फोडूनच टाकावी लागते, आणि कंपनी दुसरी बांधेल ती इथे नाही, दक्षिणेत. मग या गावात उरेल काय, चर्च आणि नदी?

तुझं वजन असेल तर वर कोणाच्या तरी कानावर घाल. बाकी क्षेम. लोभ आहे, तो तिकडच्या थंडीत गारठू देऊ नकोस.

तुझी,
वेरोनाताई


डेल्वुड, इंडियाना
२३ सप्टेंबर १९५२

ती. वेरोनाताईस,
ओंद्रेयचा स. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. सरळच सांगतो. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी वरच्या साहेबांकडे गेलो आणि आगीच्या कागदाचं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की बरं झालं आलास, तुलाच बोलावणार होतो. संप झाला तर ऑफिसातली आठ माणसं घेऊन मी हार्लोची भट्टी सांभाळायची आहे.

मी म्हटलं, तिथे माझी बहीण आहे. ते म्हणाले, म्हणूनच तू, तुला गाव माहीत आहे. ताई, त्यांना यात वावगं काही वाटलंच नाही. माणूस वाईट नाही तो. त्यांच्या लेखी भट्टी ही एक वस्तू आहे आणि मी ती चालवू शकणारा एक माणूस.

मीटर मीच बसवला, हे तुला ठाऊक आहे. मार्चमध्ये तीन दिवस आलो, तुझ्या हातच्या हलुश्की खाऊन गेलो, ते त्याच कामासाठी. तो बसवताना मला वाटलं होतं की दाजींचं काम हलकं होईल. यातून एक माणूसच कमी करतील असं डोक्यातही आलं नाही. पावोल माझ्या वर्गात होता. त्याच्या बातमीपासून धड झोप नाही.

नाही म्हटलं तर नोकरी जाईल. घराचे हप्ते आहेत, डोरिस अशी. आणि मी स्वतःला समजावतो की कोणीतरी जाणारच आहे, तर ती भट्टी ज्याने अकरा वर्षं पाहिली तो गेलेला बरा. हे खरं आहे की सोयीचं, ते तूच ठरव.

तुझ्याकडे उतरणार नाही. आम्हाला आतच खाटा टाकून देणार आहेत. दाजींना माझा नमस्कार सांग, त्यांनी घेतला तर.

तुझा,
ओंद्रेय


हार्लो लँडिंग
शनिवार, ४ ऑक्टोबर १९५२

चि. ओंद्रेयला,
अ. उ. आ.

अर्ध्या मैलावर बसलेल्या भावाला तीन सेंटांचं तिकीट लावून पत्र पाठवायची वेळ आली. फाटकावर पहारा देणारे संपकरी सरकारी टपाल अडवत नाहीत, म्हणून हे तरी पोचेल.

बुधवारी तुमची बस आली तेव्हा मी फाटकावरच होते. बाकीच्यांनी टोप्या डोळ्यांवर ओढल्या होत्या. तू ओढली नव्हतीस. त्याचं बरंही वाटलं आणि संतापही आला. एवढा ताठ बसायला तू काय लग्नाला चालला होतास? लोक ओरडत होते. इग्नात्स ब्रोझमन ओरडला नाही. तो फक्त तुझ्याकडे बघत राहिला. मी जपमाळ खिशातच धरून ठेवली होती. प्रार्थना कुणासाठी करायची तेच कळेना.

संपाचं स्वयंपाकघर चर्चच्या तळघरात लागलंय. रोज चारशे माणसांचं घेवड्याचं सूप आणि कोबी. गुरुवारी मी आत गेले तर बायका एकदम गप्प. मी दारातच उभी राहिले. तेव्हा इग्नात्सच्या बायकोने, मारगितानेच, सुरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, उभी काय राहिलीस, कोबी काही विचारत नाही कुणाची बहीण आहे ते. सगळ्या हसल्या. मी कोपऱ्यात जाऊन कोबीच चिरला. कांदा घेतला नाही, नाहीतर रडायला निमित्त झालं असतं. सालं आणि देठं इतकी फेकून देत होत्या की राहवेना, देठांचं सूप करायला शिकवलं. आता मला तिथे देठवाली म्हणतात.

तुझे दाजी दिवसभर ओसरीवर खुर्ची टाकून धुराड्याकडे बघतात. पंधरा वर्षांत ती आग त्यांनी विझू दिली नाही, आणि आता आठ टाय घातलेले लोक तिच्याशी काय करताहेत ते लांबून बघायचं. तुझा नमस्कार सांगितला. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. काल म्हणाले, धूर एका अंगाने जड आहे. आज सकाळी नदीवरून वारा सुटला तसं पुन्हा म्हणाले.

तू जेवतोस ना? आत डबाबंद अन्न देतात असं ऐकलं. तुझं पोट लहानपणापासून नाजूक. रागावलेय, पण पोटाचं लिहून कळव.

तुझी,
वेरोनाताई


करिगन काच कारखाना, फाटकाच्या आत
९ ऑक्टोबर १९५२

ती. वेरोनाताईस,
स. न. वि. वि.

पोट ठीक आहे. बाकी काही ठीक नाही.

हे फक्त तुला लिहितोय. वाचून झालं की चुलीत टाक. तीन दिवस नदीचा वारा थांबलेला नाही, आणि भट्टीच्या नदीकडच्या कोपऱ्यातली काच घट्ट होत चाललीय. लोखंडी सळई घातली तर थंडीतल्या मधात घातल्यासारखी जाते. मीटर मात्र म्हणतोय की सगळं नीट आहे. आकडा अगदी जिथे हवा तिथेच. दर वीस मिनिटांनी आग डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरवायची, तशी घड्याळ लावून फिरवतोय. जास्त आग दिली तर वरची कमान वितळेल अशी भीती. माझी माणसं चांगली आहेत गं, पण हिशेबनीस आहेत. एकाचे दोन्ही हात भाजले, तरी बिचारा माझ्याकडे बघून हसतो.

हॅलोवे साहेबांना दोनदा सांगितलं. ते मीटरवर बोट ठेवतात. म्हणाले, मीटर तूच बसवलास, आता त्याच्यावर तुझाच विश्वास नाही?

ताई, असंच चाललं तर चारपाच दिवस. त्यापुढे मी काही करू शकणार नाही.

दाजी वारा सुटला की काहीतरी वेगळं करायचे. मी तेव्हा लक्ष दिलं नाही, कारण ते होतेच. तू सहज म्हणून विचार. माझं नाव घेऊ नकोस. दोन ओळी लिहून पाठव. मला माहीत आहे मी काय मागतोय ते. एका संपावरच्या माणसाची विद्या मी त्याच्या बायकोकडून चोरून मागतोय. पण आग गेली तर कंपनीचं जेवढं जाईल त्यापेक्षा तुमचं जास्त जाईल.

ओंद्रेय


हार्लो लँडिंग
रविवार, १२ ऑक्टोबर १९५२

चि. ओंद्रेयला,
आशीर्वाद.

मी पत्र चुलीत टाकलं नाही. तुला राग येईल, येऊ दे. बत्तीस वर्षांच्या संसारात मी यांच्यापासून एक गोष्ट लपवली होती, ती म्हणजे निळी किटली फुटली ती. दुसरी लपवता येईना. मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

उभ्यानेच वाचलं. रागावतील वाटलं होतं, पण नाही. अंगणात चार फेऱ्या मारल्या, कोट घातला आणि म्हणाले, हे मी सभेत वाचून दाखवणार. मी दारात आडवी झाले. म्हटलं, माझ्या भावाने मला लिहिलेलं आहे, ते चारशे माणसांपुढे वाचायचा तुम्हाला काय हक्क? त्याची नोकरी जाईल. ते म्हणाले, वेरोना, हे पत्र तुझं नाही, भट्टीचं आहे. आणि मी चोरून दोन ओळी पाठवल्या तर उद्यापासून पावोलच्या भावाच्या शेजारी कोणत्या तोंडाने उभा राहू? मी बाजूला झाले. तू मला क्षमा कर किंवा करू नकोस.

बायकांना सभेत बसू देत नाहीत, पण तळघरातून वरचं सगळं ऐकू येतं. पत्र वाचून झाल्यावर आधी शिट्ट्या झाल्या. कोणीतरी म्हणालं, गोठू दे, साहेबाला मीटर चाटत बसू दे. मग इग्नात्स ब्रोझमन बोलला. ओरडला नाही. म्हणाला, ज्या भट्टीने माझा भाऊ खाल्ला ती थंड झालेली मला बघायची आहे. आम्ही खाली हातातलं काम थांबवून उभ्या. मारगिताने डोळ्यांना एप्रन लावला होता.

मग तुझे दाजी म्हणाले, इग्नात्स, पावोल तिसऱ्या माणसाच्या बाकासाठी गेला. भट्टीच राहिली नाही तर तो बाक मांडायचा कुठे?

हात वर झाले. ठरलं ते असं. सहा माणसं उद्यापासून रोज सकाळी आठला दंडाला फीत बांधून फाटकावर उभी राहतील. कंपनीने सही केलेला आगीचा कागद आणला की आत जातील. मिळेल ती मजुरी स्वयंपाकघराला देतील. पण विद्या पत्रातून जाणार नाही, आत जाईल तर माणूस जाईल. फिती मी आत्ताच शिवल्या. इग्नात्सने हात वर केला नव्हता.

आता तुझ्याकडे काय अधिकार आहे ते तूच बघ. मी गुडघ्यावर बसून आहे.

वेरोनाताई


डेल्वुड, इंडियाना
२१ ऑक्टोबर १९५२

ती. वेरोनाताईस,
स. न. वि. वि.

तेरा तारखेला, सोमवारी, फाटकावर काय झालं ते तू लोकांकडून ऐकलं असशील. आतलं माझ्याकडून ऐक.

सकाळी तुझं पत्र मिळालं. रविवारचं टपाल नसतं, आपल्या चर्चच्या फादर बेनियांनी स्वतः आणून दिलं. मी हॅलोवे साहेबांपुढे कोरा कागद ठेवला. ते म्हणाले, एकदा सही केली की उद्या ते तिसरा माणूसही मागतील. मी म्हटलं, तो तर ते आजच मागताहेत. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी बाहेर गेलो आणि कोपऱ्यात सळई घालून पाहिली. ती आत गेलीच नाही.

मग टेबलाशी बसून सेहेचाळीस सालचा कागद आठवेल तसा लिहून काढला. खाली लिहिलं, कंपनीतर्फे, ओंद्रेय हुद्याक, भट्टीप्रमुख. असा अधिकार मला नव्हता, हे लिहिताना पक्कं माहीत होतं. कागद घेऊन चालत फाटकाबाहेर आलो. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. मी दाजींना म्हटलं की मला भट्टी धरवत नाही. चारशे माणसांपुढे एवढंच म्हणता आलं. त्यांनी कागद वाचला, दोनदा वाचला, आणि विचारलं की ही सही चालेल का. मी म्हटलं, भट्टीपुरती चालेल, माझ्यापुरती चालणार नाही. त्यांना समजलं.

आत आल्यावर त्यांनी मीटरकडे बघितलंच नाही. त्याची नळी कुठे जाते तेवढं बघितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. म्हणाले, गाढवा, हे तर बटाट्याचं भोक! ताई, मार्चमध्ये मीटर बसवायला जागा शोधताना मला तेच भोक आठवलं होतं, जिथे आम्ही सगळे डब्यातले बटाटे भाजायचो. भट्टी आतून कशी आहे ते मला तिथूनच ठाऊक होतं. आम्ही तिथे बटाटे का भाजायचो? कारण सगळ्या भट्टीत तीच जागा सर्वांत गरम. बाहेरच्या कोणा इंजिनीअरने ही चूक केली नसती. त्याला बटाटे माहीत नसते.

नदीचा वारा असला की दाजी त्या अंगाला आग तीन मिनिटं जास्त देतात. बस्स, एवढंच. पण कोणत्या खेपेला तीन, कोणत्या खेपेला चार, हे ते ज्वाळेच्या रंगावरून ठरवतात. ते काही मला दोन ओळींत लिहिता आलं नसतं, आणि वाचताही आलं नसतं.

पहिल्या दिवशी मी हटायला तयार नव्हतो. दुपारी त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला बाकावर नेलं. म्हणाले, बस, वीस मिनिटं. मी म्हटलं, मी तुमच्यातला नाही आता. ते म्हणाले, बाकाला ते कळत नाही, बस. मी बसलो. शर्ट पिळून काढण्याइतका ओला होता. बसल्यावर पाय थरथरायला लागले तेव्हा कळलं की पावोल कसा गेला असेल.

गुरुवारी काच पुन्हा वाहती झाली. शुक्रवारी म्हातारे करिगन मालक स्वतः आले, सळई हातात घेऊन त्यांनी कोपरा पाहिला. कागद त्यांनी पाळला. मला म्हणाले, तू माझी भट्टी वाचवलीस आणि माझी सही चोरलीस, पहिल्याबद्दल आभार, दुसऱ्याबद्दल तुला ठेवता येत नाही. यात मला अन्याय वाटला नाही.

डोरिसला सगळं सांगितलं. घर विकावं लागेल. ती म्हणाली, विकू, तू पुन्हा झोपायला लागलास ते पुष्कळ झालं. ताई, युनियन मला पुन्हा सभासदाचं कार्ड देईल का? दाजींना मध्ये घालू नकोस. मला अर्ज करायचा आहे, उपकार नको.

तुझा,
ओंद्रेय


हार्लो लँडिंग
रविवार, ९ नोव्हेंबर १९५२

चि. ओंद्रेय आणि सौ. डोरिस यांना,
वेरोनाताईचे अ. उ. आ. वि. वि.

संप पहिल्या तारखेला मिटला हे तू वर्तमानपत्रात वाचलं असशील. तिसरा माणूस राहिला. करारात आता लिहूनच घेतलंय. मीटरही राहिला, फक्त नदीकडच्या कोपऱ्यात गेला. हॅलोवे साहेबांची बदली होईल म्हणतात. फाटकात भेटले तर त्यांनी मला टोपी काढून नमस्कार केला. चेहरा उतरला होता. वाईट वाटलं. त्यांनाही वर कोणीतरी आकडे विचारत असणारच.

तुझ्या अर्जावर काल दुपारी मतदान झालं. या वेळी मी ऐकायला तळघरात गेले नाही, घरीच जपमाळ घेऊन बसले. नात्यातला माणूस मत देत नाही, म्हणून तुझे दाजी भिंतीशी बसून राहिले. बाजूने दोनशे तीन, विरुद्ध एकशे अठ्ठ्याऐंशी. तुला कार्ड मिळालं, आणि कार्डवाल्याला भट्टीवर घ्यायला मालकांची हरकत नाही. पण अकरा वर्षं धरली जाणार नाहीत. यादीत अगदी शेवटी, काल लागलेल्या पोरांच्याही खाली. ज्या पाळ्या कोणाला नकोत त्या तुला. सुट्टी सगळ्यांनी निवडून उरेल ती. तू उपकार मागितला नव्हतास, आणि तो कोणी केलेलाही नाही.

हे तुला गोड करून सांगायचं नाही. एकशे अठ्ठ्याऐंशी माणसं थोडी नाहीत. रोज त्यांच्यातल्या कोणाच्या तरी शेजारी उभा राहशील. इग्नात्स ब्रोझमन विरुद्ध बोलला. म्हणाला, तो चालत बाहेर आला हे मी पाहिलं, पण आधी तो बसमधून आत गेला हेही पाहिलं, आणि मी दोन्ही विसरणार नाही. तुझे दाजी म्हणाले, इग्नात्सने खोटं काहीच सांगितलं नाही. मलाही तसंच वाटतं.

वरच्या दोन खोल्या मी चुन्याने रंगवून ठेवल्यात. डोरिससाठी खिडकीशी खाट. भाड्याचं बोलायचं नाही. कोळसा मात्र अर्धा अर्धा. मारगिताने पाळणा देऊ केलाय. नवऱ्याला विचारलंस का, म्हटलं. ती म्हणाली, पाळणा माझ्या माहेरचा आहे.

आता एक काम सांगते, ते मनापासून कर. पहिल्या दिवशी पाळीला निघशील तेव्हा इग्नात्स आपल्या पायरीवर बुटाच्या नाड्या बांधत बसलेला असेल. त्याला नाव घेऊन नमस्कार कर. तो उत्तर देणार नाही. तिथे रेंगाळू नकोस, काही समजावायलाही जाऊ नकोस, पुढे चालू लाग. दुसऱ्या दिवशी पुन्हा कर, आणि तिसऱ्या दिवशीही. मी काल संध्याकाळी कुंपणापाशी जाऊन त्याला सांगून ठेवलंय की माझा भाऊ रोज नमस्कार करणार आहे. तो नाड्या सोडत होता. वर न बघताच म्हणाला, करू दे, मी काही बहिरा नाही.

वाट बघते. लोभ आमच्याकडून आहेच, तुम्ही तुमचा घेऊन या.

तुमची,
वेरोनाताई